थंडीनं करपलेली बाग

शाळेची बस चालवण्यात उभी हयात गेलेल्या त्या माणसाला सगळी गल्ली घाईमामा म्हणायची. चहाला उकळी फुटायच्या आत ते तो गाळायचे.

त्या हिवाळ्यात मामी न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. बाग त्यांची, पण आता खिडकीपाशी पडून नुसतं बघणं हाती उरलं. त्यातच एका रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी जास्वंदीची पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती आणि लिंबाचे शेंडे काळे ठिक्कर पडले होते.

मामांनी कात्री काढली आणि कुणाला काही न विचारता जास्वंद बुंध्यापर्यंत छाटली. लिंबाकडे वळले, तोच खिडकीची काच वाजली.

"अहो, कात्री खाली ठेवा."

"मेलंय गं ते. निदान घाण तरी काढतो."

"राहू द्या. थंडी अजून गेलेली नाही. ती वाळकी पानंच आतल्या फांद्यांचं पांघरूण आहेत. जरा नखानं साल खरवडून बघा."

मामांनी खरवडलं. शेंड्याला तपकिरी, पण खाली ओलं हिरवं निघालं.

"हिरवं आहे," ते नाइलाजानं म्हणाले.

"मग जगेल. माती सुकली तर दुपारी पाणी द्या, खत मुळीच नको. संध्याकाळी जुनी चादर टाका, सकाळी काढा."

चादर टाकणं मामांना जमलं, थांबणं जमेना. रोज सकाळी ते नवी जागा खरवडायचे. शेवटी मामी म्हणाल्या, "थंडीतून वाचेल हो, पण तुमच्या नखांतून वाचायचं नाही."

मधे ऊन पडलं आणि छाटलेल्या जास्वंदीला कोवळे कोंब फुटले. मामा हरखले. "बघ, माझीच आधी आली."

मग थंडी पुन्हा परतली. लिंबावर चादर होती. त्या बुटक्या खुंटाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. कोंब काळे पडले आणि पुढच्या काही दिवसांत खुंटही वाळला.

"जास्वंद गेली," मामांनी आत येऊन सांगितलं.

मामींनी खिडकीतून त्या खुंटाकडे पाहिलं. "आईच्या दारातून फांदी आणून लावली होती ती," एवढंच म्हणाल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं मामांना वाटलं.

हवा उबदार झाली तेव्हा लिंबाला खालून पोपटी पालवी फुटली. मामी वॉकर धरून अंगणात आल्या, खुर्चीत बसल्या आणि बोटानं दाखवत गेल्या. "इथून. हिरव्याच्या जरा वर." मामा दर फांदीला विचारून कापत होते.

छाटणी संपल्यावर ते जास्वंदीचा खुंट उपटून राहिलेला खड्डा बुजवायला निघाले.

"नवीन रोप आणू का?"

"नको. माझ्या ताईनंही तिच्या अंगणात आईच्या जास्वंदीची फांदी लावली होती. अजून आहे का, विचारते."

मामांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि खड्ड्यातले दगड वेचायला बसले.