अर्जात मी ‘पडीक’ लिहिलं

रेणापूरकडच्या आमच्या शिवारात तलावाखाली मोठी चिबड होती. बारमाही पाणथळ, बैल शिरला तर पोटापर्यंत रुतायचा. आज्याच्या आज्यानं बी ती तशीच बघितलेली. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा सगळं गाव तिथलेच झिरे उपसून जगलं. पण गरज सरो, वैद्य मरो!

लातूर नवा जिल्हा झाला आणि आम्हाला लई चेव चढला. चर मारून चिबड कोरडी करायची, तलावाचं पाणी पाटानं फिरवायचं, गहू घ्यायचा. गावात अक्षर बरं माझं, म्हणून कचेरीचा अर्ज माझ्याकडं आला.

चिबडीच्या काठाला एक मावशी एकटीच राहायची. पाणकणसाची पाती कापून चटया विणायची, त्यावरच तिचं पोट. मी अर्ज लिहीत बसलो होतो तेव्हा ती ओट्यापाशी आली.

“अप्पा, माझं बी लिव्हा. कडंची चार हात पाती तेवढी राहू द्या म्हनावं.”

“लिव्हलं की, मावशी.”

कशाचं लिहितोय! तिचं लिहिलं तर साहेब चौकशीला येणार, काम लांबणार, ही माझी अक्कल. कागदावर मी लिहिलं होतं, ‘सदर जमीन पडीक असून कोणाच्याही उपयोगाची नाही.’

मंजुरी आली. घरटी एक माणूस, असं करून आम्ही चर खोदले, पाट काढले. पाणी निघून गेलं, खाली लोण्यासारखी काळी माती. पहिल्याच साली गहू छातीला लागला. सांगायला लाज वाटते, पण त्या गव्हात उभा राहून मी हसलो होतो.

पाणकणीस मात्र मुळासकट गेलं. मावशी माझ्याच रानात गहू काढायला रोजानं येऊ लागली. एका दुपारी भाकरीच्या वेळी तिनं बांधावर चटई अंथरली.

“बसा अप्पा. आता हीच एक उरली हाय.”

मी चटईच्या कडेलाच उभा राहिलो. ती उलट माझीच समजूत घालायला लागली.

“सायबानं वाचलंच नसंल, बगा. मोठ्या मानसाला कुठला येळ? तुमी तर बिचाऱ्यानं लिव्हलं हुतं.”

“हाव,” मी म्हणालो, आणि तिच्या चटईवर बसलो.