हात न उचलणारा खाटीक

गल्लीत त्याला सगळे घण म्हणायचे. तो काही लोहार नव्हता, खाटीक होता. पण तरुणपणी त्याच्या मुठीनं ज्यांची नाकं फुटली त्यांनीच ठेवलेलं ते नाव. राग कायम नाकावर. धक्का लागला की मारामारी, नाही लागला तरी मारामारी. शेवटी एका बाचाबाचीत त्यानं सख्ख्या भावाचा जबडा मोडला. भाऊ दीड महिना नळीनं पेज पीत राहिला, आणि घणानं चर्चमध्ये जाऊन पाळकांसमोर गुडघे टेकले. माणसावर पुन्हा हात उचलणार नाही, असा शब्द त्यानं प्रभूला दिला.

आणि शब्द पाळला, हे सांगायलाच हवं. एक नाही, दोन नाही, बावीस वर्षं. दुकानात ठोकळ्यावर पहिला घाव घालण्याआधी तो डोळे मिटून प्रार्थना करायचा. रविवारी दुकान बंद, मग गिऱ्हाईक आभाळातून उतरलेलं का असेना. शिळं मांस ताजं म्हणून कधी विकलं नाही. कुणी तोंडावर शिवी दिली तर सत्तूर खाली ठेवून हात पाठीमागे बांधायचा आणि ओठ पुटपुटत राहायचे. चर्चच्या मंडळीत पाळक त्याचं उदाहरण देत.

घरात मात्र एक पट्टा होता. सुऱ्यांना धार लावायचा, चामड्याचा, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेला. नाताळ म्हणजे खाणंपिणं आणि नवे कपडे नव्हेत. ख्रिस्त आधी, बाकी सगळं मागाहून, असं घणाचं म्हणणं होतं, आणि म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. म्हणून नाताळच्या सकाळी, जेवणाआधी, त्याच्या एकुलत्या एका मुलीनं येशूच्या जन्माचा अख्खा अध्याय तोंडपाठ म्हणायचा. महिनाभर तयारी चाले. शब्द चुकला की पट्टा. बायको मध्ये पडली की तिलाही पट्टा. हात उचलायचा नाही असा शब्द होता, आणि पट्टा म्हणजे काही हात नव्हे. या गणिताची शंका त्याला बावीस वर्षांत एकदाही आली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मुलीचं लग्न त्यानं मंडळीतल्याच एका वायरमनशी लावलं. का, तर पोरगा प्रार्थना फार सुंदर करायचा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. लग्नाच्या दिवशी घणानं जावयाला बाजूला घेऊन सांगितलं, "घर देवाच्या धाकात ठेव." जावयानं नम्रपणे मान डोलावली. पुढं एक नात झाली, ती आता सहा वर्षांची होती.

नाताळच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, दुकानापुढची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. घण मांडीचं हाड तोडत होता. रांगेतली माणसं आपोआप बाजूला झाली आणि मुलगी पुढे आली. खालचा ओठ फाटलेला, डावा डोळा सुजून मिटलेला, गळ्यापर्यंत रक्त ओघळलेलं. हाताला नात. नातीच्या पोटऱ्यांवर लाल, फुगलेले वळ होते, एकाशेजारी एक, वायर दुमडून मारल्यावर उठतात तसे.

घणानं विचारलं, "जावई कुठाय?"

"घरी. बाबा, तुम्ही जाऊ नका. आम्हाला फक्त आत बसू द्या."

"बस तू आत."

"बाबा, तुम्ही त्याला मारून टाकाल."

ती हे रडत नव्हे, सरळ सांगत होती, कारण ती त्याला ओळखत होती. घणही स्वतःला ओळखत होता. आज आपण गेलो तर जावई जिवंत राहणार नाही आणि आपला शब्दही राहणार नाही, हे त्याला ठोकळ्यासमोर उभ्या उभ्या कळलं. तरी तो निघाला. रक्तानं माखलेला एप्रन तसाच, हातात सत्तूर. देवा, जावई घरी नसू दे, अशी प्रार्थना तो वाटेत करत होता आणि पाय मात्र पळत होते.

जावयाच्या घराचं दार आतून लावलेलं होतं. घणानं खांदा दिला. दुसऱ्या धक्क्याला कडी चौकटीसकट निघाली. जावई टेबलाशी बसला होता. समोर पवित्र शास्त्र उघडं, शेजारी दुमडलेली जाड वायर.

"बाबा, आधी ऐकून घ्या," जावई उठत म्हणाला.

घणानं सत्तूर टेबलावर आपटला आणि रिकाम्या मुठीनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. नाक मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. जावई भिंतीवर आदळला, खाली घसरला, आणि घसरता घसरता त्यानं हत्यारांच्या पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. घण वाकला तेव्हा तो त्याच्या खांद्यात मुठीपर्यंत घुसला. घण ओरडला नाही. त्यानं जावयाचं मनगट धरून टेबलाच्या कडेवर आणलं आणि सगळा भार टाकला. हाड तुटलं. खुर्ची मोडली, काचेचं कपाट कोसळलं, दोघंही काचांत लोळले. घण त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. दात पडले, भुवई फाटली, घणाच्या स्वतःच्या बोटांची सालटी निघाली. बावीस वर्षं पाठीमागे बांधून ठेवलेले हात होते ते. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं.

"ती अध्याय चुकली, बाबा," जावई रक्त थुंकत म्हणाला. "देवदूताचं बोलणंच विसरली. बायको मध्ये आली म्हणून तिला लागलं. मी हात लावला नाही. वायर घेतली. तुम्ही पट्टा घ्यायचात, तिनंच सांगितलंय मला."

असं ऐकल्यावर माणूस थबकेल, असं आपल्याला वाटतं. घण थबकला नाही. खरं बोलणाऱ्याचं तोंड आधी बंद करावंसं वाटतं, तसं त्याला वाटलं. त्यानं हात मागे नेऊन टेबलावरचा सत्तूर घेतला आणि डाव्या हातानं जावयाचा गळा फरशीवर दाबला.

तेवढ्यात घणाची बायको आणि मुलगी धावत दारात पोचल्या. नात आईचा हात सोडायला तयार नव्हती, म्हणून तीही सोबत आली होती. बायकोनं हाक मारली, "अहो." त्याला ऐकू गेली नाही. मुलगी पुढे धावली, काचेवर घसरून पडली.

आणि नातीनं जन्माचा अध्याय म्हणायला सुरुवात केली.

दाराशी ताठ उभी राहून, हात बाजूला सरळ, मोठ्या आवाजात. बादशहाचा हुकूम, मग प्रवास, मग उतारशाळेत जागा नसणं, मग गव्हाणी. शब्द न चुकता, श्वास न घेता. चड्डी ओली झाली होती तरी ती थांबली नाही. मेंढपाळ आले, देवदूत आला, तो काय बोलला तेही तिनं सगळं म्हटलं. आपण चुकलो म्हणून हा मार चालला आहे, असं त्या पोरीला वाटत होतं. नीट म्हटलं की तो थांबतो, एवढंच तिला शिकवलेलं होतं.

घणाचा हात हवेतच राहिला. मग त्यानं सत्तूर फरशीवर ठेवला आणि जावयाच्या छातीवरून उठला. नात शेवटपर्यंत म्हणतच राहिली, कारण मध्ये थांबायची तिची हिंमत नव्हती.

पोलीस आले, जावयाला इस्पितळात नेलं, घणाच्या खांद्याला टाके घातले. चौकीत फौजदारानं मुलीला विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध लिहायची. घण समोरच्या बाकावर बसला होता. मुलगी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दोघांविरुद्ध लिहा. नवऱ्यानं सात वर्षं मारलं. त्याच्या आधी वडिलांनी. तेव्हा मी लहान होते."

नाताळच्या सकाळी घण कोठडीत होता. उपासना सुटल्यावर बायको डबा घेऊन आली. बावीस वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्याशिवाय चर्चला गेली होती. गजांतून तिनं डबा सरकवला आणि स्टुलावर बसली. त्यानं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, पण दोन वाक्यांपुढे त्याला काही सुचेना.

"घरी प्रार्थना झाली?" त्यानं विचारलं.

"झाली. जेवायच्या आधी. लेकीनं केली."

"आणि अध्याय?"

"नातीनंच हट्ट धरला, मला म्हणायचाय म्हणाली. आम्ही म्हटलं, नको. तरी म्हणाली."

घणाच्या तोंडून निघून गेलं, "बरोबर म्हणाली ना?"

बोलल्यावर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्यानं मान खाली घातली. बायकोनं त्याच्याकडे सरळ बघितलं. या माणसाची तिला भीती वाटत नव्हती, आणि हे तिचं तिलाच नवं होतं.

"चुकली," ती म्हणाली. "दोन ठिकाणी. पहिल्यांदा चुकली तेव्हा टेबलाखाली जाऊन लपली. तिची आई तिच्याशेजारी टेबलाखाली जाऊन बसली. मग पुढचा अध्याय तिघींनी तिथंच बसून म्हटला."