चहाबरोबरची गोळी

आईच्या मूत्रपिंडांचं काम निम्म्याहून खाली आलं होतं. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायचं, म्हणजे डायलिसिस लांबणीवर पडेल. मीठ कमी, रक्तदाब ताब्यात, दुखण्यावरची गोळी कुठलीच नाही. मी हे कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं. रोज सकाळी रक्तदाब मोजून वहीत लिहायचो. आईने लोणचं, पापड सोडले. तक्रार केली नाही.

मूत्रपिंडं थकली की रक्तात क्रिएटिनिन वाढतं; सहा महिने ते १.८ राहिलं. ऑगस्टमध्ये २.४ आलं.

डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्यांचं विचारलं. आई नाही म्हणाली. परतताना मी दोनदा विचारलं. उत्तर तेच. वही चाळली, रक्तदाब ठीक होता.

कारण शेजारच्या मावशींकडून कळलं, न विचारता. त्या ओट्यावर गुडघे चोळत बसल्या होत्या. आवणी चालू होती तोवर काही वाटलं नाही, म्हणाल्या. दुपारच्या चहाबरोबर गोळी मिळायची. आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, बायका एकमेकींच्या शेतावर जाऊन करतात. ज्याचं शेत, त्याने चहा, बिस्किटं आणि कंबरेसाठी एकेक गोळी द्यायची. आई सगळ्यांकडे गेली होती. ती गेली नसती तर आमच्याकडे कोणी आलं नसतं.

मी आत जाऊन विचारलं.

"ती व्हय? ती कामाची गोळी. ती काय आजाराची हाय?"

"किती घेतल्या?"

"रोजची एक. समद्याच घेत्यात."

ती खोटं बोलली नव्हती.

मग यादी आठवली. आमच्या आवणीच्या आदल्या दिवशी लोणावळ्याच्या बाजारातून सामान मीच आणलं होतं. चहापूड, साखर, बिस्किटांचे पुडे, गोळ्यांची दोन पाकिटं. यादी आईने सांगितली होती, लिहिली मी. फ्रीजसमोर उभं राहून.

डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं, यादीसकट. नोव्हेंबरमध्ये आकडा २.२ आला. आता इथेच धरून ठेवायचा, ते म्हणाले.

यंदा आवणीच्या आधी आईने पुन्हा यादी सांगितली. गोळ्यांपाशी मी थांबलो. या गोळ्या कोणासाठीच बऱ्या नाहीत, असं म्हणालो.

"न दिऊन कसं चालंल? कोन येनार मग?" ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "माजी सोडून मोज."

आमच्या शेतात तिच्यासह चौदा बायका असतात. मी तेरा गोळ्या लिहिल्या.