बासष्ट चौरस फूट

फरशी बसवून झाली की आमचे मिस्त्री त्याच खोलीत आडवे व्हायचे. पोटावर, गाल फरशीला लावून, एक डोळा मिटून. मिनिटभर तसेच राहायचे आणि उठताना म्हणायचे, "आडवं झाल्याबिगर लेवल कळत न्हाय, सायेब."

असा एखादा माणूस तुमच्याही घरी येऊन गेला असेल. गुडघ्यांना घट्टे, नखांत सिमेंट, आणि कामाचं माप डोळ्यांत. मी शंकेखोर. आमच्या हॉलमध्ये ते उठल्यावर मी काचेची गोटी ठेवून पाहिली. गोटी जागची हलली नाही. ते माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, सायबांचं गोटीला इचारून झालं असंल, तर च्या टाका की."

ते मूळचे नेसरीचे. कोल्हापुरात बावीस वर्षं झाली होती आणि भाड्याच्या खोल्या नऊ. शेवटची उचगावात, दहा बाय नऊची. नवराबायको, दोन मुली, बायकोचं शिवणयंत्र, गॅस आणि ट्रंक. "सरळ झोपलो तर पाय दाराभाईर जात्यात," ते हसत सांगायचे. दुसऱ्यांच्या हॉलमध्ये ते लेवलला लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ आडवे राहतात, असं मला वाटायचं. त्यांची सगळी कमाई एक रुपया न खर्चता बाजूला ठेवली, तरी शहरातल्या सगळ्यात लहान फ्लॅटला अकरा वर्षं लागली असती. हा हिशेब मी दोनदा केला होता.

म्हणून स्वस्त घरांच्या योजनेचा फॉर्म घेऊन ते आले, तेव्हा मी उत्साहाने पेन काढलं. 'अर्जदाराच्या नावे अन्यत्र घर आहे काय?' हा रकाना आला.

"न्हाय," ते म्हणाले.

"गावाकडं?"

"गावाकडं वडलांचं हाय. पाच भाऊ आमी. उताऱ्यावर समद्यांची नावं लागल्यात."

दुसऱ्या कुणी 'नाही' लिहून पान उलटलं असतं. मी घराचं माप विचारलं. तीनशे दहा चौरस फूट. पाचाने भागलं. 'वडिलोपार्जित घरात एक पंचमांश हिस्सा, बासष्ट चौरस फूट' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

"लिवायलाच पायजे व्हय?"

"आहे ते लिहावं."

"लिवा मग. तुमी शिकल्याली माणसं."

चार महिन्यांनी यादी लागली. त्यांचं नाव अपात्रांत होतं. कारण: स्वतःचे घर आहे. मी त्यांच्याबरोबर कार्यालयात गेलो. बासष्ट फुटांत चार माणसं कशी राहतील, ते आकडे मांडून सांगितलं. खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, "रकान्यात फूट विचारलेले नाहीत. आहे की नाही, एवढंच विचारलंय."

मग आम्ही माजी नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात गेलो. 'माजी' हा शब्द पाटीवर अजून चढला नव्हता. त्याने अर्जाची प्रत वाचली आणि मोठ्याने हसला.

"मिस्त्री, ह्ये कुणी लिवलं ओ?"

"ह्या सायबांनी."

"सायेब, तुमी घर मागाय गेलता का जबाब द्यायला? आसू दे. मतदान कुठल्या वॉर्डात हाय?"

नऊ खोल्या बदलल्या, तरी मिस्त्रींचं नाव पहिल्याच खोलीच्या पत्त्यावर राहिलं होतं. ते त्यांनी सांगितलं.

"मग तिकडच्याला भेटा की, पावणं," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

तिकडचा घरी भेटला नाही. तीनदा.

याहून वाईट पुढे घडलं. त्याच योजनेच्या इमारतीत फरशीचं काम मिस्त्रींना मिळालं. तिसरा मजला, आठ घरं. आठही घरांत ते आडवे झाले असणार. एका घराचा मालक फरशी बघायला गाडीतून आला. संध्याकाळी मिस्त्री मला म्हणाले, "त्येच्या बंगल्याची फरशीबी मीच बसिवल्ती. दोन मजली हाय."

माझं डोकं फिरलं. मी तीन तक्रारी केल्या, तिन्हींची पोच घेतली. पोच तेवढी माझ्याकडे आहे.

"चूक माझी झाली, मिस्त्री," मी एकदा म्हणालो.

"चूक कसली? हिशेब बराबर हुता की."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

या वर्षी उचगावची जागा मालकाने बिल्डरला दिली. दहावी खोली शोधायची नाही, असं त्यांच्या बायकोने ठरवलं. नेसरीला जायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले. चप्पल बाहेर काढली आणि दारातच घुटमळले.

"सायेब, एकदा बघू काय?"

ते हॉलमध्ये पोटावर आडवे झाले. गाल फरशीला. या वेळी दोन्ही डोळे मिटलेले होते. माझी बायको चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच थांबली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. उठल्यावर ते फरशीवरून हात फिरवत म्हणाले, "आजून लेवल हाय."

ते गेले. गेल्या रविवारी मी सोफा सरकवला आणि टेप लावून हॉलमध्ये खडूने बासष्ट चौरस फूट आखले. आत चार उशा ओळीने ठेवल्या. बसल्या. मग गॅस, शिवणयंत्र आणि ट्रंक यांची जागा आखली, आणि दाराकडची उशी उचलून हातात घेऊन तसाच उभा राहिलो.