बर्फाखालचा राखणदार

आमच्या तोंडवलीत दक्षिण ध्रुव पोहोचला तो निवृत्त पोस्टमास्तरांच्या ओसरीवरून. त्यांचा मुंबईचा भाचा जुनी इंग्रजी मासिकं पाठवायचा आणि संध्याकाळी ते त्यातलं काहीबाही मालवणीत करून सांगायचे. साठ सालाच्या थोडं अलीकडचं हे. ध्रुवावरच्या बर्फाखाली म्हणे दुसऱ्या ग्रहावरच्या लोकांनी शहरं वसवली होती. उडत्या तबकड्या तिथूनच निघायच्या. आत गरम पाण्याची तळी, बारमाही उजेड. मोठमोठ्या सरकारांना सगळं ठाऊक, पण ती ताकास तूर लागू देत नव्हती. माणसं सुपारी कातरत ऐकायची. तिथे माडांना पाणी कोण लावतं, असंही एकाने विचारलं होतं.

मी तेव्हा मालवणात शाळेत भूगोल शिकवायचे आणि शनिवारी घरी यायचे. असल्या गप्पांनी माझं डोकं फिरायचं. तरी ओसरीच्या कडेला बसून मीही ऐकायचे, हे आज कबूल करायला हरकत नाही. पोस्टमास्तरांचा तपकिरीने बसलेला आवाज, मध्येच थांबून चष्मा पुसणं, या सगळ्याची आता फार आठवण येते.

माझ्या काकीला मात्र त्या गप्पा वाटल्या नाहीत. काका मालवाहू जहाजावर खलाशी होते. दक्षिणेकडच्या कुठल्याशा बंदरातून त्यांचं शेवटचं पत्र आलं होतं, पुढे बर्फ दिसेल म्हणतात, असं. त्यानंतर आठ महिने काही नाही. काकीने आपला हिशेब जुळवला.

"त्या बर्फाखालच्यांनीच ठेवन घेतल्यानी गो," ती मला म्हणाली. "आणि सरकार लपवता, म्हणान पत्र येणा नाय."

मी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला. बर्फ किती जाड, थंडी किती, सगळं समजावून सांगितलं. तिने गोल उलटा करून पाहिला.

"बर्फाखालचा वयरसून खंय दिसतला?"

मी चिडून तिला अडाणी म्हटलं. तिने गोल पदराने पुसून मला परत दिला.

महिन्याभरात शाळेच्या पत्त्यावर जहाज कंपनीचं पत्र आलं. घरात इंग्रजी मलाच येत असल्यामुळे काकांनी माझा पत्ता दिलेला होता. वादळात ते समुद्रात पडले, शोध घेतला, सापडले नाहीत. मी तशीच घरी आले आणि मागच्या अंगणात वडिलांना पत्र वाचून दाखवलं. काकीला सांगायचं म्हणजे तिचं कुंकू पुसलं जाणार, बांगड्या फुटणार. तिशीसुद्धा उलटली नव्हती तिची. धाकट्या भावाला वडिलांनीच अंगाखांद्यावर वाढवलं होतं.

"गावलो नाय, इतक्याच म्हणतत मा?" ते म्हणाले. "मगे आपण कित्याक जास्ती सांगाचा?"

गावात गाऱ्हाणं घालायचा मान वडिलांचा. देवापुढे नारळ ठेवून ज्याचं त्याचं मागणं मोठ्याने मांडायचं, आणि काम ज्या हद्दीतलं तिथल्या राखणदाराला, त्या जागेच्या रक्षक देवाला, हाक घालायची, ही आमची रीत. पुढच्याच सोमवारी काकीने नारळ दिला. वडिलांनी नेहमीप्रमाणे वेशीच्या राखणदाराचं नाव घेतलं, खाडीच्या राखणदाराचं घेतलं. मग थांबले. काकी हात जोडून त्यांच्याकडे बघत होती.

"बा म्हाराजा," ते म्हणाले, "त्या बर्फाखाली जो कोण राखणदार आसात, तेच्या कानार घाल. आमच्या माणसाक सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्यांनी साथ दिली. कुणी हसलं नाही. मला वडिलांचा राग आला होता. खरं ठाऊक असून देवापुढे असं बोलवतं कसं माणसाला? वाटेत काकीला सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं मी मनाशी ठरवलं.

परतताना ती माझ्याबरोबर होती. फणसाखाली थांबली आणि हळूच म्हणाली, "चेडवा, तू शिकलेला. माका एकच सांग. थंय ऊब आसा मा? तेंका थंडी सोसणा नाय."

"आसा, काकी," मी म्हणाले. आणि तिथेच, वाटेवर, मला रडू कोसळलं.

काकीने मला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रडा नको गो," ती म्हणाली. "येतले ते."