फळीवरचा वाडगा

कोरेगाव भीमाला हायवेवर २००५ साली व्हिएतनामी हॉटेल निघालं, तेव्हा गावाने ते एखाद्या आजारासारखं समजून घेतलं. ते काढणारा गावचाच रोहन पाच वर्षं जहाजावर आचारी होता. तिथल्या व्हिएतनामी सोबत्याकडून त्यांचं जेवण रांधायला शिकला. खारं वारं लागलं असंल, असं लोक म्हणाले.

आत बांबूच्या टोप्या उलट्या टांगून त्यांत दिवे सोडलेले. भिंतीवर रोहनने स्वतः रंगवलेली होडी. ती पाण्यापेक्षा उसातून चालल्यासारखी दिसे. जेवायला तांदळाच्या शेवया, हाडांचा पातळ रस्सा, वर पुदिना आणि लिंबू. कारखान्यांतले परदेशी साहेब मुकाट खात. गाववाले भाकरी मागत. रोहन तीही देई.

गल्ल्यामागे लाल फळी होती. व्हिएतनामी लोक अशा फळीवर गेलेल्या माणसाचा फोटो ठेवून पुढे जेवण मांडतात, असं सोबत्याने सांगितलेलं. रोहनने नुसता रिकामा वाडगा ठेवला. तरी त्याचे वडील, बन्सीआबा, भडकले. आबांनी पोरवयात धम्मदीक्षा घेतलेली. श्राद्ध नाही, पिंडदान नाही, ही प्रतिज्ञा त्यांच्या हाडात होती.

“मेलेल्याला जेवू घालत न्हाई आपल्यात.”

“डेकोरेशन हाय, आबा. वाडगा रिकामाच हाय की.”

रिकाम्या वाडग्याला आबांची हरकत उरली नाही.

दीड वर्षाने, भर दुपारी, हायवे ओलांडताना रोहनला ट्रकने उडवलं. पुदिना आणायला गेला होता.

त्याच्या बायकोने, सुरेखाने, महिन्याभरात हॉटेल पुन्हा उघडलं. फळीवर आता जहाजावरच्या पांढऱ्या टोपीतला रोहन होता आणि पुढे भरलेला वाडगा.

“सुरेखा, हे काय?”

“डेकोरेशन हाय, आबा.”

“डेकोरेशनमधनं वाफ येती व्हय?”

ती टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छच होतं.

आबा रोज म्हणत, काढ. ती रोज ‘व्हय’ म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पातेल्यातला पहिला वाडगा फळीवर जाई. शेवटी आबा म्हणाले, “उद्या मीच उचलतो.”

दुसऱ्या दिवशी मी, तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक, जेवायला बसलो होतो. आबा आले, सरळ फळीकडे गेले आणि वाडगा उचलला. सुरेखा पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. आबांनी वाडग्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“लिंबू कुठाय ह्यात?”

“ऱ्हायलं, आबा.”

आबांनी माझ्या ताटातली फोड न विचारता उचलली आणि वाडग्यात पिळली. एक बी रश्श्यात पडली. ती त्यांनी बोटाने शोधून काढली. दाताखाली बी आली की रोहन लहानपणी ताटावरून उठायचा. वाडगा परत फळीवर गेला.

शेजारच्या टेबलावरच्या नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, “नैवेद्य का, आजोबा?”

“न्हाई,” आबा म्हणाले. “डेकोरेशन.”

मग ते बाहेर गेले आणि रस्त्याकडे पाठ करून बसले.