तेंदूपानाची खूण

कारध्याच्या केवळरामकडे लोखंडी पेटीभर पुस्तकं होती. धान विकायला भंडाऱ्याला गेला की येताना एखादं जुनं पुस्तक घेऊन यायचा. वाचायचा तो, ऐकायची त्याची बायको रुखमा. तिला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी ती सुपात तंबाखू घेऊन विड्या वळायला बसे आणि तो शेजारच्या खाटेवर पुस्तक उघडे. वाचन थांबलं की तेंदूच्या पानाचा कातरीने कापून उरलेला एखादा तुकडा ती पुस्तकात ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी खूण समोर असली तरी केवळराम विचारायचा, "कुठवर आलो होतो वो?" मग रुखमा कालपर्यंतची गोष्ट सांगायची. ती ऐकल्याशिवाय त्याला पुढं वाचवतच नसे.

त्यांची लेक शुभांगी या आवाजातच झोपी जायची. तिचे फ्रॉक, तिच्या वह्या, घरातली पुस्तकं, सगळ्यांना तंबाखूचा एकच वास होता.

रुखमा गेली तेव्हा एका होडीवाल्याची कादंबरी अर्ध्यावर होती. केवळरामने ती तशीच मिटून पेटीत ठेवली. तीन वर्षं उघडली नाही.

यंदा पेटीला वाळवी लागली. शुभांगी पुण्याहून आठ दिवसांची रजा घेऊन आली. एकेका पानाचा फोटो काढून तिने सगळी पुस्तकं टॅबलेटमध्ये भरली आणि पोखरलेले कागद अंगणात जाळले.

"घ्या बाबा. आता वाळवीच्या बापालेही खाता येत नाही."

केवळरामने होडीवाल्याचं पुस्तक काढायला सांगितलं. काचेवर बोट फिरवत तो बराच वेळ पानं सरकवत राहिला.

"यातली पत्ती कुठं गेली?"

"कोणती पत्ती?"

"तुह्या मायनं ठेवलेली."

 फोटोसाठी पानं सपाट बसावीत म्हणून शुभांगीने प्रत्येक पुस्तक झटकलं होतं.

"मले कचरा वाटला, बाबा." ती म्हणाली, "तवा काय चालू होतं ते सांगा. मी शोधून देते."

"होडीवाल्याची बायको माहेरून परत येऊन राहिली. नदीले पूर. हा पल्याड उभा. ते इकडून वरडते, जेवले का म्हणून."

शुभांगीने पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळलं. पुन्हा एकदा चाळलं.

"बाबा, बायको तर दुसऱ्याच प्रकरणात मरते. माहेर नाही, पूर नाही."

 केवळरामला सुपातली तंबाखू आठवली, कातरीचा आवाज आठवला. होडीवाल्याची बायको मेली ना, असं तोच तेव्हा म्हणाला होता. मान वर न करता रुखमा म्हणाली होती, "मेली असन तुमच्या कागदात. मी तिले माहेरी धाडलं हाये." त्यानंतर रोज तिची गोष्ट वेगळी आणि त्याची वेगळी चालली होती. त्याच्या ध्यानात तिचीच राहिली.

काच आपोआप काळी झाली. शुभांगीने बोट लावलं, तसं तेच पान पुन्हा उजळलं.

"हा टॅबलेट पान बरोब्बर ध्यानात ठेवते, बाबा."

"ठेवू दे."

त्याने टॅबलेट खाटेवर पालथा ठेवला. भिंतीशी रुखमाचं रिकामं सूप उभं होतं. त्याच्याकडे पाहत त्याने विचारलं, "कुठवर आलो होतो?"

शुभांगी खाली, सुपाजवळ जाऊन बसली.

"ते माहेरून निघाली," ती म्हणाली. "नदीले पूर होता. हा पल्याड उभा. तिनं इचारलं, जेवले का."

केवळराम वाट पाहत राहिला. पुढचं तिला येत नव्हतं.